यांना कॅरॅव्हॅनमधून अख्खा ऑस्ट्रेलिया फिरायचाय, माझा पाय निघत नाही

मेलबर्नहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून सारांश देते.

ताई ६२ वर्षांच्या, यजमान ६६ वर्षांचे. ऑस्ट्रेलियात येऊन पंचवीसेक वर्षं झाली. दोघंही आता निवृत्त. यजमानांनी ठरवलंय की घर विकायचं, मोठी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायची आणि वर्षभर देशाला पूर्ण फेरी मारायची. शेजारचं गोरं जोडपं तसं जाऊन आलं, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. ताईंचे गुडघे दुखतात. त्या गावात गाडी चालवतात, हायवेवर नाही. त्यांची ८७ वर्षांची आई साताऱ्याला भाऊ-वहिनींकडे असते. ताई लिहितात, “नाही म्हटलं तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल, हो म्हटलं तर वर्षभर त्या डब्यात पोळ्या लाटाव्या लागतील. आणि आईला काही झालं तर मी कुठे असेन? आपल्या लोकांत असं कोण करतं? मी काय करू?”

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात रस्त्याबद्दल फार थोडं आहे आणि स्वयंपाकाबद्दल पुष्कळ. आधी वाटलं, हे सहज झालं असेल. पण पोळ्या, भांडी, डबे, “यांना जेवायला गरम लागतं” हे सगळं पुन्हा पुन्हा येतं, आणि समुद्र किंवा वाळवंट एकदाही येत नाही. म्हणजे तुम्हाला प्रवासाची भीती वाटते असं मला वाटत नाही. निवृत्तीनंतर थोडं हलकं झालेलं घरकाम पुन्हा अंगावर येईल, तेही दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाऊ शकत नाहीत एवढ्या जागेत, ही ती भीती आहे. ती रास्त आहे, आणि यजमानांना नेमकी तीच सांगितली गेलेली नाही. त्यांना तुम्ही गुडघे सांगितलेत, आई सांगितलीत, लोक काय म्हणतील ते सांगितलंत. स्वयंपाक मात्र मला लिहिलात.

आपल्याकडे यात्रा कंपनीबरोबर चारधामला निघालं की आचारी, शेगडी, मोठी पातेली सगळं बरोबर असतं. माणसाने बसमध्ये बसायचं आणि हाक आली की पंगतीला जायचं. यजमानांच्या डोळ्यांपुढची सहल बहुधा अशीच आहे, फक्त त्यातला आचारी कोण हे त्यांनी मनाशी तपासलेलं नाही. त्यांना ते विचारा. भांडणाच्या सुरात नको, खरोखर उत्तर हवंय अशा सुरात: “रोज सकाळी काय खायचं, कोण करणार, भांडी कोण घासणार, एक आठवडा लिहून काढू या का?” कागदावर आलं की बऱ्याच गोष्टी आपोआप बोलतात. आठवड्याचे तीन दिवस त्यांचे, तीन तुमचे, एक दिवस गावातल्या बेकरीत किंवा पबमध्ये जेवण. पोळ्यांऐवजी खिचडी, पिठलं-भात, उपमा, सूप-ब्रेड. हे त्यांना मान्य नसेल, तर अडचण कॅरॅव्हॅनची नाही हे दोघांनाही कळेल, आणि ते घर विकण्याआधी कळलेलं बरं.

आता एक गोष्ट सुटी करते. यजमानांनी एका दमात चार प्रस्ताव मांडले: घर विकणं, कॅरॅव्हॅन विकत घेणं, वर्षभर जाणं आणि पूर्ण फेरी मारणं. तुम्ही चारही एकत्र घेतलेत आणि म्हणून हो किंवा नाही एवढ्या दोनच वाटा दिसतायत. या चार गोष्टी एकमेकींवर मुळीच अवलंबून नाहीत. कॅरॅव्हॅन भाड्याने मिळते. फेरी तुकड्यातुकड्याने होते. कितीतरी लोक थंडीचे तीन महिने उत्तरेकडे काढून घरी परततात, पुढच्या वर्षी पश्चिमेला जातात. इथे त्यांना ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात, आणि त्यातले बरेचसे घर विकून निघालेले नसतात.

घराचं पटकन सांगते. विकू नका, निदान पहिल्या वर्षी नको. राहतं घर एज पेन्शनच्या, म्हणजे इथल्या सरकारी वृद्धापकाळ पेन्शनच्या, मालमत्ता तपासणीत धरलं जात नाही, आणि तात्पुरतं बाहेर गेलात तर ती सवलत साधारण १२ महिने टिकते. विकलंत तर हातात रोकड येते. ती नव्या घरासाठी राखून ठेवलेली असली तरी ठरावीक मुदतीपुरतीच मोजणीतून वगळतात. भाड्याने दिलंत तर भांडवली नफ्याच्या करासाठी ते ६ वर्षांपर्यंत तुमचं मुख्य घर मानता येतं, मात्र त्या काळात दुसरं घर मुख्य म्हणून दाखवायचं नाही. भाड्याचं उत्पन्न पेन्शनच्या हिशोबात येतं, तेव्हा यजमान पेन्शनच्या वयाचे, म्हणजे ६७ चे, होण्याआधी एकदा अकाउंटंटशी बोला. नुसतं बंद ठेवणार असाल तर विम्याचे कागद वाचा. घर सलग दोन-तीन महिने रिकामं राहिलं की बऱ्याच पॉलिसींमध्ये संरक्षण कमी होतं.

“गाडी तेच चालवणार, मला नुसतं शेजारी बसायचंय,” असं तुम्ही लिहिलंय. पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. ताई, असं बसून जाऊ नका.

देशाला वळसा घालणारा हायवे वन सुमारे १४,५०० किलोमीटरचा आहे. देशाच्या मध्यातला उलुरुचा प्रचंड खडक आणि ॲलिस स्प्रिंग्ज हे गाव त्यावर येतही नाहीत; त्यासाठी पोर्ट ऑगस्टा ते डार्विन हा स्टुअर्ट हायवे, सुमारे २,७०० किलोमीटर. दक्षिणेकडे नलारबॉरच्या माळरानातून जाणाऱ्या एअर हायवेवर एक पट्टा १४६.६ किलोमीटर सरळसोट आहे, एकही वळण नाही. तिथे एका रोडहाऊसपासून दुसरं काही ठिकाणी दोनशे किलोमीटरच्या आसपास येतं. ६६ वर्षांच्या माणसाच्या छातीत अशा ठिकाणी कळ आली, किंवा नुसती पाठ धरली, तर पुढचं स्टेअरिंग कुणाच्या हातात जाणार? फ्लाइंग डॉक्टर सेवा १९२८ पासून या देशाच्या आतल्या भागात विमानाने पोचते आहे, एअर हायवेच्या काही पट्ट्यांवर तर त्यांचं विमान रस्त्यावरच उतरतं. पण तोवर गाडी सुरक्षित जागी नेऊन उभी करायची आणि मदत मागायची, हे गाडीतल्या दुसऱ्या माणसाचं काम. ते माणूस तुम्ही आहात.

म्हणून कॅरॅव्हॅन ओढत गाडी चालवायला शिका. मेलबर्नमध्ये त्याचे एका दिवसाचे वर्ग असतात आणि जोडपी बरोबर जातात. मागे दोन-अडीच टन वजन असताना गाडी थांबायला किती अंतर लागतं, वळताना किती रुंद घ्यायचं, आरशांतून रिव्हर्स कसं जायचं, जोडणी कशी सोडायची हे तिथे हाताने करून बघता येतं. एक गोष्ट आत्ताच सांगते, कारण ती वेळ आली तर आठवावी लागते: कॅरॅव्हॅन मागे डावी-उजवी झोके घ्यायला लागली की जोरात ब्रेक दाबायचा नाही, वेग वाढवायचा नाही, स्टेअरिंगही झटक्याने फिरवायचं नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टेअरिंग सरळ धरायचं आणि कॅरॅव्हॅनचा वेगळा इलेक्ट्रिक ब्रेक हाताने हलकेच लावायचा. ते बटण कुठे आहे हे दोघांना डोळे मिटून सांगता आलं पाहिजे.

रोज तुम्ही चालवावं असं नाही. सकाळचा एखादा तास, सपाट, सरळ रस्त्यावर. गुडघ्यांसाठी ऑटोमॅटिक गाडी बघा. आणि संध्याकाळी चारनंतर दोघांनीही चालवायचं नाही. अंधार पडताना आणि पहाटे कांगारू, एमू, मोकाट गुरं रस्त्यावर येतात. समोरून ५३ मीटर लांबीची रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर ओढणारा ट्रक, येत असेल तर वाट सोडायलाही धड जागा नसते.

वजनाबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्या लोकांचं सामान निराळं असतं. प्रत्येक कॅरॅव्हॅनला रिकामं वजन आणि भरल्यावरचं कमाल वजन ठरलेलं असतं. मधला फरक पुष्कळदा चारशे किलोच्या आसपासच निघतो. पाण्याच्या दोन टाक्या भरल्या की जवळजवळ १९० किलो तिथेच गेले. मग गॅसच्या टाक्या, खुर्च्या, कपडे, आणि आपलं पीठ, तांदूळ, डाळी, मिक्सर, पोळपाट. मर्यादेपेक्षा जास्त भरलं तर ब्रेकवर ताण येतो, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. पूर्ण भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन मोजा, जड वस्तू खाली आणि चाकांच्या जवळ ठेवा. महिनाभराचा किराणा भरू नका. डार्विन, ॲलिस स्प्रिंग्ज, पर्थमध्ये भारतीय किराणा मिळतो. मधल्या मोठ्या गावांच्या सुपरमार्केटमध्ये मसूर, हरभरे, तांदूळ असतातच.

स्वयंपाक करणाऱ्यांसाठी आणखी थोडं. आतल्या भागात बऱ्याच ठिकाणी बोअरचं जड पाणी असतं, त्यात डाळ आणि छोले शिजता शिजत नाहीत. पिण्याचं चांगलं पाणी एका टाकीत वेगळं ठेवा, कडधान्यं त्यातच भिजवा. लहान कुकर न्याच. गॅस वाचतो आणि आत वाफही कमी कोंडते. फोडणी बाहेर, छताच्या कनातीखाली द्यायची, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो आणि गादीला आठवडाभर मोहरीचा वास राहतो. मात्र ‘टोटल फायर बॅन’च्या, म्हणजे वणव्याच्या धोक्यामुळे आगबंदी असलेल्या, दिवशी उघड्यावर शेगडी पेटवण्याआधी तिथले नियम विचारा. ते राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि दंड मोठा आहे. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात शिरताना ताजी फळं, भाज्या, मध नेऊ देत नाहीत. साउथ ऑस्ट्रेलियातही फळमाशीमुळे तपासणी असते, नलारबॉरकडून येताना ती सेदुनाला होते. आदल्या मुक्कामाला भाजी संपवायची आणि पलीकडे नवी घ्यायची. कढीपत्त्याचं कुंडीतलं रोप मनातही आणू नका.

गुडघ्यांसाठी कॅरॅव्हॅन कॅटलॉगवरून निवडू नका, अंगाने निवडा. पायरीवरून दहा वेळा चढा-उतरा. पलंगावर आडव्या व्हा आणि रात्री बाथरूमला उठायचंय अशा बेताने उठून बघा. काही गाड्यांत आतल्या बाजूला झोपणाऱ्याला दुसऱ्यावरून ओलांडून यावं लागतं. तशी घेऊ नका. संडास-न्हाणी आतच असावी. संडासाची टाकी डंप पॉइंटवर रिकामी करणं हे काम यजमानांचं, हे खरेदीच्या आधी ठरवा. सुरुवातीचे काही आठवडे वीज आणि पाण्याची सोय असलेल्या कॅरॅव्हॅन पार्कमध्येच राहा. फुकटच्या उघड्या मुक्कामांचं कौतुक शेजाऱ्यांनी केलं असेल, ते नंतर.

तब्येतीची तयारी निघण्याच्या महिनाभर आधी करा. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटा. फोनवरचा सल्ला मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनेखाली हवा असेल तर त्याच दवाखान्यात गेल्या १२ महिन्यांत समोरासमोर भेट झालेली असावी लागते. सप्टेंबर २०२३ पासून दीर्घकाळच्या बऱ्याच औषधांची एका वेळी ६० दिवसांची चिठ्ठी मिळते, ती मागून घ्या. ॲम्ब्युलन्सचा खर्च मेडिकेअर देत नाही. राज्याच्या ॲम्ब्युलन्स सेवेची मेंबरशिप चालू आहे ना आणि ती राज्याबाहेर लागू होते ना, ते तपासा. मोबाइलला रेंज नसलेले मोठे पट्टे आहेत, तेव्हा संकटात उपग्रहाला इशारा पाठवणारा छोटा बीकन घेऊन ठेवा. महाग नाही.

“आपल्या लोकांत कोण करतं?” हे लिहिलंत म्हणून सांगते. सिडनीहून ब्रिस्बेनच्या वाटेवर वुलगुल्गा नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. केळीच्या मळ्यांत कामाला आलेले शीख तिथे स्थिरावले, त्यांचं गुरुद्वारा १९६८ पासून आहे. त्याच्याही आधी उंट घेऊन आलेले ‘अफगाण’ म्हणवले जाणारे लोक, ज्यांत आजच्या पाकिस्तान-भारताकडचेही पुष्कळ होते, या वाळवंटातून माल वाहत होते. हा देश आडवा-उभा पालथा घालणं हे फक्त गोऱ्यांचं काम कधीच नव्हतं. तुम्ही पंचवीस वर्षं इथे कर भरलात, मतदान केलंत, मुलं वाढवलीत. हा देश बघायचा की नाही हे तुमच्या इच्छेवर ठरू द्या, मंडळातल्या बायका काय म्हणतील यावर नको.

यजमानांच्या बाजूनेही थोडं ऐका. पंचवीस वर्षं त्यांनी हा देश ऑफिसच्या ट्रेनमधून पाहिला. आता हातपाय चालतायत, आणि किती दिवस चालतील हा हिशोब त्यांच्या मनात सुरू असणार. शेजाऱ्यांचं निमित्त झालं, पण मागे बहुधा काळजी आहे. त्यांना विचारा, नेमकं काय बघायचंय? उत्तर “सगळंच” आलं तर पुन्हा विचारा. नलारबॉरच्या कड्यावरून जून ते ऑक्टोबरमध्ये दिसणारे देवमासे? पश्चिमेचा सप्टेंबरमधला रानफुलांचा बहर? उलुरु? कदाचित तीन जागा निघतील, आणि तीन जागांसाठी वर्ष लागत नाही. आणि तुमच्याही दोन जागा त्यात घाला. अजून तुम्ही एकही सांगितलेली नाही, मलासुद्धा नाही.

आईंबद्दल शेवटी लिहिते, कारण इथे घाईने काही बोलायचं नव्हतं.

तुम्ही मेलबर्नमध्ये आहात म्हणून आईंजवळ आहात असं तुम्हाला वाटतं. पण घराच्या दारापासून साताऱ्याच्या दारापर्यंत आजही तुम्हाला एक पूर्ण दिवस लागतो. वायव्य किनाऱ्यावरच्या ब्रूमहून निघालात तर त्यात साधारण आणखी एक दिवस मिळवावा लागेल. हा फरक खरा आहे आणि तो लहान आहे असं मी म्हणणार नाही. पण कायम जवळ आणि कायम दूर एवढा तो नाही. आईंना तुमच्याकडून रोज मिळतो तो फोन. तो कुठे लागणार नाही ते आधी ठाऊक असतं, तेव्हा “मंगळवार-बुधवार फोन येणार नाही, काळजी करू नकोस” असं सांगून ठेवता येतं.

निघायचं झालंच तर एप्रिलअखेरीस निघा. उत्तरेत नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा आणि चक्रीवादळांचे दिवस असतात, रस्ते पाण्याखाली जातात. त्याआधीचे जानेवारी-फेब्रुवारी साताऱ्याला काढा, घाईची आठवडाभराची चक्कर नको. वहिनींशी एकट्याने बोला. आईंचं रोजचं सगळं त्या करतात. तुमच्या प्रवासावर त्यांचं मत आणि त्यांची स्वतःची दमणूक, दोन्ही ऐकून घ्या. जमलं तर त्या काळात त्यांना पंधरा दिवस माहेरी किंवा कुठे हवं तिथे जाऊ द्या. आणि आईंना सरळ विचारा. आपण म्हाताऱ्या माणसांच्या नावाने पुष्कळ गोष्टी टाळतो आणि त्यांना विचारत मात्र नाही. त्या “जा” म्हणतील असं मी गृहीत धरत नाही. त्या “नको” म्हणाल्या तर ते उत्तरही मोलाचं आहे. मग या वर्षी लांबची वाट सोडा आणि मेलबर्नपासून दोन दिवसांच्या टप्प्यात फिरा.

यजमानांकडून एक शब्द आधीच घ्या: साताऱ्याहून फोन आला तर चर्चा नाही. तुम्ही जवळच्या विमानतळावरून निघाल, गाडी पार्कमध्ये उभी राहील, ते मागून येतील. डार्विन, पर्थ, ॲडलेड इथून परदेशी विमानं आहेत. दोघांचे पासपोर्ट, भारतात जाण्यासाठीचं ओसीआय कार्ड आणि तिकिटापुरते पैसे गाडीत ठेवा. त्यामुळे मातीचे आडरस्ते, जिथून डांबरी रस्त्याला यायलाच दिवस जातो, या वेळी टाळावे लागतील. यजमानांनी एवढं सोडलं पाहिजे.

त्यांना आज हो किंवा नाही देऊ नका. एवढंच म्हणा की ऑक्टोबरमध्ये, शाळेच्या सुट्ट्या संपल्यावर, दोन आठवडे भाड्याची मोटरहोम घेऊन मरे नदीकाठाने जाऊ: इचुका, स्वान हिल, मिल्ड्युरा, जमलं तर रेनमार्क. रस्ते सपाट आहेत, अंतरं छोटी आहेत, गावं जवळजवळ आहेत. मोटरहोमला मागे काही जोडलेलं नसतं, त्यामुळे ओढण्याचा सराव त्यात होणार नाही, तो वर्गातच करा. पण पावसाच्या दिवशी त्या खोलीत दोघं कशी राहता, तिसऱ्या दिवशी भांडी कोण घासतं, तुम्हाला एकटीला नदीकाठी तासभर बसायला मिळतं का, हे तिथे कळेल. रोज रात्री दोघांनी वेगवेगळ्या वहीत दिवसाबद्दल चार ओळी लिहा, परत आल्यावर वह्या बदलून वाचा आणि मग कॅरॅव्हॅनच्या दुकानात जायचं की नाही ते ठरवा. गाडी भाड्याने घेताना चालक म्हणून दोघांचीही नावं नोंदवा.